मार्चच्या पानामागे

शोरूममध्ये एसी होता, कॉफीचं मशीन होतं,
काचेपलीकडं माझी व्हॅन
ऑपरेशनला घेतल्यासारखी उंच उचललेली.
टाय लावलेल्या पोरानं छापील कागद पुढं केला:
अकरा हजार चारशे साठ.
त्यात खालून मारायचा कसला तरी लेप,
आणि 'इतर साहित्य' नावाचे बाराशे.
मी विचारलं, हे इतर म्हणजे काय?
तो म्हणाला, मॅडम, ते असतंच.

माझ्याकडं सात शिलाई मशिनी आहेत.
शाळेच्या हाफ शर्टाला मजुरी किती सुटते
ते मी झोपेतही सांगेन, पैशापर्यंत.
'ते असतंच' म्हणून कुठल्या ठेकेदारानं
मला आजवर रुपया दिलेला नाही.

तेव्हापासून नरसय्याकडं.
अक्कलकोट रोडला, पाण्याच्या टाकीच्या अलीकडं.
बोर्ड नाही. टायर टांगलंय, त्यावर चुन्यानं 'चालू'.
चव्वेचाळीस डिग्रीला वरचा पत्रा टकटक वाजतो
आणि नरसय्या यन्नम बॉनेटात डोकं घालून म्हणतो,
"अक्का, रेस द्या. अजून. बास."
मग डोळे मिटतो.

यंत्रमागावर जॉबर होता तीस वर्षं.
अख्ख्या शेडच्या गोंगाटात एक धोटा चुकला
तरी त्याला ऐकू यायचं म्हणे.
हल्ली बायकोनं जेवायला हाक मारलेली ऐकू येत नाही.
इंजिनाचं येतं.
"इंजिनाला काय झालं नाही. पट्टा वाळलाय,
त्योच ओरडायलाय."
पट्ट्याला भेगा, उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या.
नवा मीच आणायचा दुकानातून, पावती माझ्या नावावर.
जुना तो परत देतो, पेपरात गुंडाळून,
घरी न्यायच्या भज्यांसारखा.
"बघून घ्या. ब्रेक पॅड अजून चालतंय,
उगी खर्च कशाला?
जूनची डिलिव्हरी होऊ द्या, मग बदलू."

बिल म्हणजे कॅलेंडरचं फाडलेलं पान, मार्च.
मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेन:
पट्टा ६२०
ऑइल १४५०
फिल्टर १३०
मजुरी ४००

मी म्हटलं, तीनशे घ्या की.
सवयीनं म्हटलं. जीभ तशीच वळते.
त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही,
चारशेवर काट मारली, शेजारी तीनशे लिहिलं
आणि चिंधीनं हात पुसले.
चिंधी निळी होती,
माझ्याच कारखान्यातली, कुठल्याशा शाळेच्या पँटची कात्रण.
कात्रणांचं पोतं मी त्याला ऐंशी रुपयांना विकते.
त्यानं कधी सत्तर म्हटलेलं नाही.

येताना व्हॅन गप्प होती.
एवढी गप्प, की त्यात ठेकेदाराचा आवाज ऐकू आला:
ताई, पीसमागं दोन रुपये सोडा की.
तोच 'की'.

घरी हिशेब मांडला.
शोरूम वजा नरसय्या, आठ हजार नऊशे साठ वाचले.
महादेवीचा ओव्हरटाइम त्यातून जाईल,
पाचव्या दिवशी येणाऱ्या नळाच्या भरवशावर
न राहता एक टँकरही.
आठ हजार आठशे साठपर्यंत आकडे सरळ बसले.
वरचे शंभर कुठल्या खात्यात धरायचे कळेना.
पान उजेडाला धरलं,
तर काट मारलेले चारशे अजून नीट वाचता येत होते,
आणि पलीकडून मार्चचे सगळे रविवार.

सोमवारी पोतं पाठवलं.
पोराला बजावलं, पैसे घेऊ नको.
पोरगा आला तो ऐंशी रुपये घेऊनच,
दहाच्या आठ नोटा, एकीवर ग्रीसचा अंगठा.
"नरसय्यामामा म्हणला, हिशेब तो हिशेब.
आणि अक्काला सांग म्हणला,
जूनमध्ये ब्रेक विसरू नका."